पाहुण्यांसाठी रंगवलेला हत्ती

"काका, गुरुवारी आमचे सर येतायत, देवळातलं चित्र बघायला. धुराने काळं पडलंय, त्यांना नीट दिसेल ना?" अक्षयाने रत्नागिरीहून गावच्या रावजीकाकांना फोनवर विचारलं. ‘कुणी हात लावू नका’ हे सांगायचं राहिलं, कारण तेवढ्यात तास सुरू झाला. त्या तासाला जुनी चित्रं कशी जपावीत हाच विषय होता, आणि तिने टिपणंसुद्धा छान काढली.

चित्र होतं संगमेश्वराजवळ, तिच्या गावच्या देवळाच्या भिंतीवर. हत्ती, पालखी आणि मिरवणुकीत मागे वळून पाहणारी एक बाई. लहानपणापासून अक्षया त्याला पाठ टेकून प्रसाद खात आली होती. कला-इतिहास शिकायला लागल्यावर कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण कशाला टेकत होतो. तिचा वर्षाचा प्रकल्प आता त्या भिंतीवरच उभा होता.

गुरुवारी सरांना घेऊन ती पोचली, तर दारातच ऑइलपेंटचा वास आला. रावजीकाका पुढे झाले. त्यांनी तीस वर्षं मुंबईत दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पाहुणे येणार म्हटल्यावर ते गप्प बसणार थोडेच!

"ये गो! बग कसा चकाचक केलाय! दोन दिस घासला, मंग रंग मारला."

हत्ती गुलाबी झाला होता. पालखीच्या भोयांना मिशा फुटल्या होत्या.

"आणि ती बाई?" अक्षया भिंतीवर तिला शोधू लागली.

"कवापास्नं मागं बगत व्हती बिचारी. मान अवघडली असंल. सरळ केली."

सरांनी भिंतीजवळ जाऊन बोटाने रंग चाचपला. मग हळूच म्हणाले, "मूळ चित्राचा फोटो असेल ना?"

अक्षयाने मोबाइल काढला. एकच फोटो निघाला, गणपतीतली सेल्फी. त्यात ती मावेल तेवढी मावली होती आणि कानामागून हत्तीची शेपटी डोकावत होती. एवढी वर्षं आपण वळून एकदा नीट पाहिलं असतं तर, असं वाटून तिला रडू आलं.

काकांना वाटलं, पोर भरून पावली. त्यांनी कौतुकाने तिला भिंतीच्या खालच्या कोपऱ्याकडे नेलं. तिथे पाटीवरच्यासारख्या ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘मार्गदर्शन – कु. अक्षया, कला-इतिहास, वर्ष दुसरे.’

"काका, माझं नाव कशाला?"

"म्हंजे? तू फोन केलास म्हणून तर झाला सगळा!"

हे मात्र तिला खोडता येईना.