फोटोग्राफरने पाडलेलं चांदणं

रविवार संपायच्या आत माशांनी अंडी घातली नाहीत, तर टाकी आपल्या भावाकडे जाणार आणि त्या कोपऱ्यात शिलाई मशीन येणार, असं बायकोने निक्षून सांगितलं आणि फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं. एंजल माशांची ती जोडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यातून ती मेव्हण्याकडे जाणार म्हणजे जन्मभर टोमणे ऐकणं आलं.

टाकीच्या दुकानदाराने उपाय सांगितला होता. "यांना मंद चांदणं लागतं. छोटा निळा दिवा लावा आणि गप्प बसा."

दिवा लावणं फोटोग्राफरला जमलं. गप्प बसणं मात्र त्याच्या रक्तातच नव्हतं. लोकांच्या हनुवट्या वर-खाली करण्यात आयुष्य गेलेला माणूस तो! प्रकाश दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. आधी दिव्याचा हा चंद्र फार निळा वाटला, म्हणून पुढे बटर पेपर लावला. मग दिवाच डावीकडून उजवीकडे नेला. शेवटी स्टुडिओतली पांढरी छत्रीच आणून टाकीवर उघडली. रोज नवा चंद्र बघून मासे इतके भांबावले, की त्यांनी कोपऱ्यात तोंड खुपसलं ते खुपसलंच.

"अहो, त्यांना अंडी घालू द्यायचीत की त्यांचे पासपोर्टचे फोटो काढायचेत?" बायको म्हणाली.

"अगं, चांदणं सपाट पडतंय. जीव नाही त्यात."

रविवारी दिवेलागणीला त्याला चूक सापडली. ढगच नव्हते! त्याने घरातले सगळे दिवे मालवले, जाड पडदे ओढले, पुठ्ठ्याचे ढग कापून दोऱ्याने दिव्यापुढे टांगले आणि टेबलफॅन लावला. ढग तरंगायचे सोडून पिसाळल्यासारखे गरगरू लागले. निळा उजेड लखलखायला लागला. तेवढ्यात चष्मा शोधत आलेले त्याचे बाबा छत्रीच्या स्टँडमध्ये पाय अडकून सोफ्यावर धाडकन आदळले.

"मेलो! मेलो रे!"

समोरच्या काकांनी पडद्याच्या फटीतून लखलखाट पाहिला, बोंब ऐकली आणि कुणाला तरी शॉक लागला हे ताडलं. चपलाही न घालता ते खाली धावले आणि अख्ख्या इमारतीचा मेन स्विच बंद करून धापा टाकत दारात आले.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं! मी सोफ्यावर आहे," बाबा अंधारातून खेकसले आणि चाचपडत उठून त्यांनी पडदा सरकवला.

बाहेर खराखुरा चंद्र होता. कुणीही न लावलेला. त्याचा उजेड अलगद टाकीवर पडला. फोटोग्राफर खांदे पाडून उभा होता. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

"श्श!" टाकीपाशी वाकलेली बायको कुजबुजली. "घालतेय. अहो, खरंच घालतेय!"

मादी हिरव्या पानावर एकेक अंडं चिकटवत होती आणि नर पहारा देत होता. फोटोग्राफरला भडभडून आलं. बायकोचेही डोळे भरले होते, पण तिने काकांकडे वळून हुकूम सोडला, "काका, मेन चालू करायचा नाही!"

"अगं, पण सगळी बिल्डिंग अंधारात—"

"इथे बाळंतपण चाललंय!"

काकांनी जीभ चावली आणि ते स्विचजवळ राखणीला जाऊन बसले.

फोटोग्राफर पुढे सरकला. "मागून जरासा उजेड मिळाला ना, तर पानाची कड काय सुरेख—" त्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च होता. बायकोने त्याचा दंड धरला.

थोड्या वेळाने तो टॉवेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन जिना उतरला.

"काय ठरलं?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं. "टाकी जातेय मेव्हण्याकडे?"

"टाकी राहिली," फोटोग्राफर म्हणाला. "पिल्लं पोहायला लागेपर्यंत मेव्हण्याकडे मी जायचंय."