मनगट कुणी मोडलं

ज्युदोमास्तर शुक्रवारी सकाळी सव्वासातला बाथरूममध्ये साबणावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. यात हळहळण्यासारखं जेवढं होतं, त्याहून लपवण्यासारखं जास्त होतं. तीस वर्षं ते लोकांना पडायला शिकवत होते. त्यांच्या वर्गात पहिले दोन महिने दुसरं काही नसेच. हनुवटी छातीला लावायची, अंग गोल करायचं आणि काही झालं तरी हात टेकायचा नाही, हे त्यांनी हजारभर माणसांना घोटून घोटून शिकवलं होतं. साबणावर पाय पडला तेव्हा मात्र त्यांनी हनुवटी वर केली, अंग ताठ केलं आणि हात टेकला.

पत्नी आठवडाभर लेकीकडे गेलेली. त्यांनी डाव्या हाताने कराटेमास्तरांना फोन लावला.

ज्युदोचा वर्ग ज्या हॉलच्या तळमजल्यावर भरे, त्याच्याच वरच्या मजल्यावर कराटेमास्तरांचा वर्ग. तीस वर्षांपूर्वी हॉलच्या कमिटीने चुकून दोघांना एकाच खोलीची किल्ली दिली होती. दोघंही भांडायच्या तयारीने दारात भेटले आणि कमिटीला शिव्या घालता घालता मित्र झाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी वर्ग सुटल्यावर एकत्र चहा. एकमेकांशी ते कधी लढले मात्र नव्हते. कुणी विचारलं तर दोघंही सांगत, वेळच मिळाला नाही.

कराटेमास्तर स्कूटर घेऊन आले आणि मित्राला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"कसं झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सरावात," ज्युदोमास्तर म्हणाले.

"कुणाबरोबर?"

ज्युदोमास्तरांनी मित्राकडे पाहिलं. कराटेमास्तर क्षणभर भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहिले. मग म्हणाले, "माझ्याबरोबर."

प्लास्टर घालणारा माणूस कराटेच्या सकाळच्या वर्गातला निघाला. त्याने दुपारपर्यंत ही बातमी पदरचं घालून सगळीकडे पोचवली. संध्याकाळी कराटेमास्तर वर्गात शिरले तर टाळ्या. एका लाथेत मनगट मोडलं असं मागच्या रांगेचं म्हणणं होतं, पुढच्या रांगेचं म्हणणं अर्ध्या लाथेत. मास्तरांनी खुलासा करायला तोंड उघडलं, मित्रासाठी डॉक्टरांसमोर बोललेला शब्द आठवला आणि मिटलं. हा त्यांचा विनय समजण्यात आला. आठवड्यात वरच्या वर्गात अकरा नवी नावं आली. त्यातली सात खालच्या मजल्यावरची होती.

ज्युदोमास्तरांची पत्नी परत आली. तिला खरं सांगणं म्हणजे तिच्या तिन्ही बहिणींना सांगणं होतं, म्हणून मास्तरांनी तिलाही सरावाचीच गोष्ट सांगितली. ती तडक वरच्या मजल्यावर गेली.

"भावजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ती म्हणाली.

कराटेमास्तरांनी चुकलं म्हणून मान खाली घातली. घरी त्यांची स्वतःची बायको चार दिवस बोलत नव्हती. ताट समोर ठेवायची आणि खिडकीतून बाहेर बघत राहायची.

मित्राचे हे हाल आणि खालच्या वर्गातल्या सरावाच्या रिकाम्या गाद्या बघून ज्युदोमास्तरांना राहवेना. त्यांनी उरलेल्या विद्यार्थ्यांना सांगून टाकलं की मनगट मोडण्याआधी आपण कराटेमास्तरांना दोनदा आपटलं होतं, गुडघ्याला चांगलाच मार आहे, गडी दाखवत नाही एवढंच. त्यामुळे कराटेमास्तरांना लंगडणं भाग पडलं. सोमवारी ते डाव्या पायाने लंगडले, मंगळवारी उजव्या. वर्गात कपडे शिवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची नजर मापाची. दुखणं पाय बदलतं का, असं त्यांनी सरळ विचारलं. वर्गाने विचार करून निष्कर्ष काढला की दोन्ही पाय गेलेत, म्हणजे लढाई आपल्याला वाटली त्याहून भयंकर झाली असणार.

आता हॉलमध्ये दोन तट पडले. वरचे लोक खालच्यांच्या चपला तुडवत जिना चढू लागले. गुरुवारी जिन्यातच वरच्या वर्गातल्या एका बँकेतल्या माणसाने खालच्या एका फोटोग्राफरची कॉलर धरली. पुढे कुणालाच काही झालं नाही, पण कमिटीने नियमांची वही काढली. हॉलमध्ये मारामारी केल्यास जागा रद्द, असा सातवा नियम होता. महिनाअखेर दोघांनीही खोल्या रिकाम्या कराव्यात, अशी नोटीस लागली. म्हणणं मांडायला रविवारी दोघांना बोलावलं होतं.

त्या सभेत ज्युदोमास्तर उभे राहिले. गळ्यात अडकवलेला हात सावरत त्यांनी सगळं सांगून टाकलं. लढाई झालीच नाही, आपण बाथरूममध्ये घसरलो, लाजेपोटी खोटं बोललो आणि मित्राने ते निमूट अंगावर घेतलं. तीस वर्षांचं नाव त्यांनी आपल्याच तोंडाने पुसलं.

कमिटीच्या सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर," ते म्हणाले, "मित्राला वाचवायला स्वतःची अशी नाचक्की करून घेता? पडायला शिकवणारा माणूस बाथरूममध्ये पडेल यावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

"अहो, खरंच साबण होता."

"कुठला साबण?"

"हिरवा," ज्युदोमास्तर जरा विचार करून म्हणाले. तो विचार सगळ्यांनी पाहिला.

कराटेमास्तर साक्ष द्यायला उठले, पण सेक्रेटरींनी त्यांना तुम्ही तर बोलूच नका असं सांगून खाली बसवलं. ज्युदोमास्तरांच्या मनाचा मोठेपणा बघून दोघांच्याही खोल्या कायम ठेवण्यात आल्या. मात्र असा पट्टीचा माणूस एरवी मोडायचा नाही, तेव्हा मित्रावर तो बेसावध असताना वार केल्याबद्दल कराटेमास्तरांनी लेखी माफी मागावी आणि ती फलकावर लावावी, असं ठरलं. त्यांनी ती सुवाच्य अक्षरात लिहून लावली. खालच्या गाद्या चार दिवसांत भरल्या.

सगळं मिटल्यावर दोघं चहाला बसले आणि तिथे बिनसलं.

"बेसावध हा शब्द मला पटला नाही," कराटेमास्तर म्हणाले. "तू सावध असतास तरी मोडलंच असतं."

"तुझा पाय माझ्यापर्यंत आला असता तर ना," ज्युदोमास्तर म्हणाले.

जी लढाई झालीच नव्हती तिच्यावरून त्यांचं तीस वर्षांतलं पहिलं भांडण झालं. पाच आठवडे चहा बंद. प्लास्टर काढायच्या दिवशी मात्र कराटेमास्तर न बोलावता स्कूटर घेऊन आले. जाताना आणि येताना कुणी अक्षर काढलं नाही. परतताना स्कूटर घराकडे न वळता हॉलकडे वळली.

दुपारची वेळ होती, हॉल रिकामा. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि समोरासमोर उभे राहिले. लाथ आली की पाय पकडायचा म्हणून ज्युदोमास्तर थांबले. हात पुढे आला की ठोसा मारायचा म्हणून कराटेमास्तर थांबले. घड्याळात वीस मिनिटं गेली.

"गुडघे?" ज्युदोमास्तरांनी विचारलं.

"हो ना. तुझे?"

"केव्हापासून."

मग दोघं भिंतीला टेकून पाय पसरून बसले आणि सेक्रेटरीला शिव्या घालत राहिले.

तेवढ्या वेळात दार आतून बंद असल्याची बातमी दोन्ही घरी पोचली होती. घरी गेल्यावर काय झालं म्हणून बायकोने विचारलं तेव्हा, इतके दिवस मित्राने फार सोसलं, निदान त्याच्या नावावर एवढं तरी पडू दे, असं प्रत्येकाच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दोघी भाजीवाल्याकडे भेटल्या. कराटेमास्तरांच्या बायकोने सहानुभूतीने विचारलं, "भावजींना फार लागलं नाही ना? म्हणजे, तेच जिंकले म्हणे."

"छे, आमचे तर हरले," दुसरी म्हणाली. "स्वतः सांगितलं मला."

"आमच्यांनीही हेच सांगितलं. मीच हरलो म्हणाले."



"जाऊ दे, विचारू नका काही," कराटेमास्तरांची बायको टोमॅटो दाबून बघत म्हणाली. "आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलंय मी."