विषय क्रमांक चार : आभासी नाणं आणि डोंगा

पळसटोला या गावाला नदी ओलांडण्यासाठी एक डोंगा हवा होता. मागणी साधी होती आणि तिच्यातली मुख्य त्रुटी तीच होती.

धानोऱ्याहून आमच्याकडे यायचं तर शेवटी एक नदी लागते. उन्हाळ्यात तिच्यातून शेळ्यासुद्धा पाय न भिजवता येतात. आषाढ लागला की ती कोणालाच ओळखत नाही. मागच्या पावसाळ्यात सोनीबाईची लेक अलीकडच्या काठावर, छत्रीखाली बाळंत झाली. लेक वाचली, बाळ गेलं. आणि या साली माझी सून रंजीता पोटुशी होती. दिवस भरणार होते ते नेमके भर पुरात. मी आशाबाई हलामी, पळसटोल्याच्या गावसभेची सचिव, दहावी पास. सभेचं इतिवृत्त मीच लिहिते. मला राग लवकर येतो, हेही इतिवृत्तात दोन ठिकाणी नोंदलेलं आहे.

पैशाची अडचण नव्हती. गावाने जंगलातला बांबू विकला होता, त्याचे पैसे खात्यात पडून होते, डोंग्यापुरते होते. पैसे गावाचे, खातं गावाचं, फक्त काढायला सही लागायची ती विस्तार अधिकारी गुणवंतरावांची. हे गुणवंतराव 'आर्थिक नवजागृती कक्षा'चे. माणूस वाईट नाही. वाईट व्हायला लागतो तेवढा अधिकारच त्यांना कोणी दिलेला नाही. जानेवारीत ते गावात आले तेव्हा आम्ही डोंग्याचा अर्ज पुढे केला.

"डोंगा या लेखाशीर्षात बसत नाही," गुणवंतराव म्हणाले. "डोंगा मंजूर व्हायला गावाकडे डिजिटल गुंतवणूक साक्षरतेचं प्रमाणपत्र लागतं. आणि प्रमाणपत्राला आभासी नाण्यात गुंतवणूक लागते."

"किती लागते जी?" जंगूभाऊंनी विचारलं. जंगूभाऊ म्हणजे गावातले सगळ्यात शांत गृहस्थ. त्यांचा आवाज चढला की समजावं, सरकारी कागद आला.

"साधारण डोंग्याच्या किमतीएवढी."

"मंग त्यात आमी डोंगाच घेतो ना, बाप्पा!"

"ते नियमात बसत नाही. गुंतवणूक बसते."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक पुस्तिका काढली, 'नवगुंतवणूकदारांसाठी एकवीस सूचना'. ती गावसभेत वाचायचं ठरलं. आमच्या गावात मतदान होत नाही. लहानथोर, बाया-माणसं सगळ्यांचं एकमत झालं तरच निर्णय, नाहीतर विषय पुढच्या पौर्णिमेला. नाण्याचा विषय कामकाजात चौथा होता. पहिले तीन मोहफुलांचे होते आणि ते लवकर आटोपले, कारण मोह काय असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

मी सूचना क्रमांक एक वाचली : 'जेवढे गमावणे परवडेल तेवढेच गुंतवा.'

"गमावाचंच हाय तं नदीत टाकू ना," सुकरीबाई म्हणाल्या. सुकरीबाई सत्तरीच्या, गावच्या सुईण, आणि गावसभेत त्यांचं एकमत मिळवणं म्हणजे अर्धी सभा जिंकणं. "नदी अंगठा तं नाई मांगत!"

सूचना क्रमांक दोन : 'दुसऱ्याचे ऐकून निर्णय घेऊ नका. स्वतः अभ्यास करा.'

"मंग हे पुस्तक काऊन वाचून राह्यलो आपण?" जंगूभाऊंनी विचारलं. गुणवंतराव म्हणाले की त्याचं उत्तर पान नऊवर आहे. पान नऊवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं.

सूचना क्रमांक तीन मोठ्या अक्षरांत होती : 'भाव पडला तरी घाबरू नका. धरून ठेवा.' आणि क्रमांक सात अशी : 'हे चलन स्वतंत्र आहे. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते.' हे वाक्य समजल्याबद्दल गुणवंतरावांनी आमच्याकडून तीन प्रतींत सह्या घेतल्या आणि परवानगीसाठी प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवला.

दुसऱ्या पौर्णिमेला एकमत झालं. ते नाण्यावर झालं नाही, रंजीतावर झालं. सोनीबाई उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माह्या लेकीचं झालं ते झालं. हिचं नाई होऊ द्याचं." बांबूचा सगळा पैसा नाण्यात गेला. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते.'

नाणं ज्यावर घेतलं त्या ॲपने आम्हाला बारा इंग्रजी शब्द दिले. हे बारा शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली, ते ज्याच्याकडे त्याचं नाणं. त्याबद्दलची सूचना क्रमांक अकरा गुणवंतरावांनी सगळ्या गावाकडून एका सुरात पाच वेळा म्हणून घेतली : 'हे शब्द एके ठिकाणी लिहू नका. कोणालाही सांगू नका. कोणी स्वतःला अधिकारी म्हणवून मागितले, तर तो चोर समजावा.' पोरांना ती अजून पाठ आहे.

आता आमच्या गावात कोणतीच गोष्ट एका माणसाच्या हाती ठेवायची पद्धत नाही. म्हणून बारा घरांना एकेक शब्द वाटून दिला आणि पेनठाण्यात, म्हणजे आमच्या देवाच्या जागी, प्रत्येकाने शपथ घेतली. सोनीबाईला पम्पकिन आला. जंगूभाऊंना अंकल आला, तो त्यांना आवडला. आमच्या घराला टायगर आला. आमचा एक बैल तीन वर्षांपूर्वी वाघाने नेला होता, त्यामुळे मी हरकत नोंदवली, ती फेटाळण्यात आली. पोलीस हा शब्द घ्यायला तर कोणीच तयार होईना. जंगलातल्या गावात हा शब्द घरात ठेवायचा म्हणजे चहापाण्याची तयारी ठेवावी लागते. शेवटी तो मंगरूने घेतला, कारण तो सभेला उशिरा आला होता.

प्रमाणपत्रासाठी आणखी एक अट होती. गावाने 'नाणेकट्टा' नावाच्या ऑनलाइन कट्ट्यावर किमान तीस वेळा 'सक्रिय सहभाग' घ्यायचा. नेटवर्क शाळेमागच्या टेकडीवरच येतं, म्हणून सभा टेकडीवर भरू लागली. आम्ही 'पळसटोला_सगळे' या नावाने आत गेलो आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना सेवा जोहार, म्हणजे आमचा रामराम, घातला. चार मिनिटांत उत्तर आलं, 'हे कोणतं नवीन नाणं? बाजारात कधी येतंय?'

मग पुण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न दिसला : 'माझं नाणं चाळीस टक्के पडलंय. विकू का? तातडीने सांगा.' प्रश्न आला म्हणजे उत्तर दिलं पाहिजे, आणि उत्तर द्यायचं म्हणजे एकमत पाहिजे. विषय रीतसर कामकाजात घेतला. सोळाव्या दिवशी मी कट्ट्यावर ठराव टाकला : 'चर्चा झाली. विकावे असे नऊ घरांचे म्हणणे पडले. आपल्या घरी जेवायला आहे का, असे सुकरीबाई विचारतात. एकमत न झाल्याने विषय पौर्णिमेपर्यंत तहकूब.'

तोवर त्या गृहस्थांचं नाणं वर आलं होतं. त्यांनी वाट पाहिली म्हणून ते वाचले आणि त्यांनी आम्हाला देवमाणूस ठरवलं. पुढे जो तो आम्हालाच विचारू लागला. आम्ही दर वेळी तहकूब म्हणायचो, आणि दर वेळी दोन-चारशे लोकांना त्यात खोल अर्थ सापडायचा. कट्ट्याने आम्हाला 'महाज्ञानी' हा किताब दिला. नाशिकच्या एकाने 'तहकूब पद्धतीने श्रीमंत व्हा' असा वर्ग काढला, फी नऊ हजार. सुकरीबाईच्या जेवणाच्या प्रश्नाला मात्र कोणी उत्तर दिलं नाही.

मार्चअखेर प्रमाणपत्र आलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सोबत पत्र होतं की डोंगा तत्त्वतः मंजूर झाला आहे.

"तत्त्वतः मंजूर डोंग्यात किती लोकं बसतेत जी?" मंगरूने विचारलं.

"तत्त्वतः दहा," गुणवंतराव म्हणाले. प्रत्यक्ष डोंग्यासाठी नाणं विकून पैसे भरायचे होते, पण तीस सप्टेंबरच्या आत नाणं विकलं तर प्रमाणपत्र रद्द, आणि प्रमाणपत्र रद्द झालं की डोंगा रद्द. रंजीताने बोटांवर महिने मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिका उघडली. त्यात बाळंतपण धरून ठेवण्याबद्दल सूचना नव्हती.

जुलैत दोन गोष्टी वाढल्या, नदी आणि नाणं. नाणं तर तिप्पट झालं. लगेच कक्षाचं सुधारित परिपत्रक निघालं : मूळ रक्कम गावाची, वाढ कक्षाची, कारण जागृती कक्षाने केली आहे. दुसऱ्याच दिवशी गुणवंतराव कमरेएवढ्या पाण्यातून, पिशवी डोक्यावर धरून आले. टेकडीवर सभा बसली.

"ते बारा शब्द द्या," ते म्हणाले.

"काय मांगून राह्यले साहेब?" सुकरीबाईंनी विचारलं.

"बारा शब्द."

"आशा, वाच व ते अकरा नंबरचं."

मी वाचलं. पोरांनी शेवटचा भाग सवयीप्रमाणे एका सुरात म्हटला.

"म्हणजे मी चोर?" गुणवंतराव लाल झाले. "मी सरकारी माणूस आहे!"

"आमी कायले म्हणू साहेब? तुमीच तं पाच डाव म्हणून घेतलं. पयले डोंगा आणा, मंग शब्द."

"आधी शब्द, मग डोंगा. पद्धत तशी आहे."

विषय तहकूब झाला. सूचना क्रमांक चौदाप्रमाणे, 'संशयित आढळल्यास कट्ट्यावर कळवावे', मी साहेबांचा फोटो कट्ट्यावर टाकला. अर्ध्या तासात चार हजार लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. त्यातल्याच दोनशे अकरा जणांनी मला गुपचूप वेगळा निरोप पाठवला, 'ताई, तुमच्याकडचा एक शब्द तरी सांगा ना. मी काही तसला नाही.'

त्याच दिवशी वरून पाणी आलं आणि गुणवंतराव गावातच अडकले. तीन दिवस आमच्याकडे जेवले, आंबील प्यायले, नदीकडे बघत बसले. "इथे डोंगा नाही म्हणजे काय?" असं ते दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तोंडाने म्हणाले. मी तारीख टाकून लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंजीताच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुकरीबाईंनी हात लावून पाहिलं आणि मान हलवली. बाळ आडवं होतं. "इथी नाई होत. दवाखान्यात न्या." नाणं तिप्पट, कट्ट्यावर महाज्ञानी, प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये, आणि माझी पोर काठावर कण्हत होती.

मंगरूने ट्रकच्या चार ट्यूबा आणल्या. त्या फुगवून खाटेच्या चार पायांना बांधल्या, खाटेवर रंजीता, चारी बाजूंनी पोहणारे सहा जण आणि एका कोपऱ्याला लटकलेली मी. खाट पाण्यात लोटणार तोच गुणवंतराव धावत आले. "मलाही घ्या हो! सोमवारी माझी आढावा बैठक आहे." मी जे बोलले ते इतिवृत्तात नाही. पण माणूस म्हणून पायत्याशी बसवून घेतलं.

मधल्या धारेत खाट गरगर फिरली. गुणवंतराव जोरात ओरडले आणि उठून उभे राहायला लागले. ते उठले असते तर आम्ही सगळेच गेलो असतो. तेव्हा रंजीताने, दोन कळांच्या मध्ये, त्यांचा सदरा मुठीत पकडला आणि दात आवळून म्हणाली, "साहेब, घाबरू नका. धरून ठेवा."

सूचना क्रमांक तीन, शब्दशः. ते मुकाट्याने बसले.

पलीकडे गाडी मिळाली. संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली, दोघीही सुखरूप. मी तिथल्या बाकड्यावर बसून पोटभर रडले. हेही इतिवृत्तात नाही, इथेच सांगते आहे.

आठ दिवसांनी कक्षाचं पत्र आलं. 'सदर महिला नदी पार करून सुखरूप पोहोचल्याचे अधोस्वाक्षरीकाराने स्वतः पाहिले आहे. सबब, डोंग्याची आवश्यकता सिद्ध होत नाही. प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही गुणवंतरावांची. त्यालाच चुकून त्यांचं प्रवासभत्त्याचं बिल जोडून आलं होतं. प्रवासाचं साधन : नौका.

मी टेकडीवर चढले आणि कट्ट्यावर लिहिलं : 'रंजीता सुखरूप. मुलगी झाली. डोंगा अजून नाही.' खाली सातशे उत्तरं आली. सहाशे अठ्ठ्याण्णव जणांनी नाण्याचा भाव विचारला. उरलेल्या दोघांनी अभिनंदन करून भाव विचारला.

तुम्ही तसले नाही, हे मला माहीत आहे. तरी राग मानू नका, एक विचारते. मघाशी मी बोलता बोलता चार घरांचे चार शब्द सांगून गेले, ते तुमच्या ध्यानात राहिले आहेत ना? ते खरेच आहेत, की गावसभेने खास तुमच्यासाठी एकमताने ठरवलेले, ते मी सांगणार नाही. उरलेल्या आठांसाठी यायचं असेल तर नदीपर्यंत या आणि हाक मारा. तुमचा विषय पौर्णिमेला घेऊ. येताना एक डोंगा आणा.

आणि सोनीबाईच्या लेकीचं जे बाळ गेलं, तो मुलगा होता. तुम्ही विचारलं नाही, म्हणून सांगितलं.