फ्लॉपीची प्रदक्षिणा

सुग्रीव आपली ओळख स्वतःच करून द्यायचा, कारण दुसऱ्या कुणाला ती एवढी लांब जमत नसे. वडवणीतल्या एकमेव संगणक वर्गाचा संचालक, टपालाने गुप्तहेरीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, आणि त्याच्याच शब्दांत, "गुन्हेगार ज्याचं नाव ऐकून कळफलकाला हात लावत न्हाईत" असा माणूस. गुन्हेगार एरवीही लावत नसत, ती गोष्ट वेगळी.

शिवकांताला ही सगळी ओळख उभ्याने ऐकावी लागली. नारायणगडाच्या यात्रेत चुडे बघताना तिची चार वर्षांची ईश्वरी हात सोडून गेली होती. शिवकांता बी.ए. झालेली, काळजीला मुळातच पक्की. धारूरहून निघतानाच तिने पोरीच्या झबल्याला नावागावाची चिठ्ठी पिनेने टाचली होती. पिन उघडली तर टोचेल, ही काळजी आता वर.

हरवलेल्या-सापडलेल्यांसाठी सुग्रीवने गडाभोवती तीन मंडप टाकून तिथे तीन संगणक मांडले होते. एकात भरलेली नावं बाकीच्या दोघांत न्यायची ती फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी न्यायची ती त्याचा मेहुणा महांतेश याने. एका फेरीला गर्दीतून दीड तास. शिवकांता तिसऱ्या मंडपात होती. तिथला संगणक म्हणत होता, अशी पोरगी सापडलेली नाही.

"न्हाई म्हणतोय म्हणजे कुणीतरी नाव पुसलंय," सुग्रीव म्हणाला. "नायतर व्हायरस हाय. मुलींचीच नावं खाणारा."

मग त्याला समोरच्या फुगेवाल्याच्या बाहीवर गुलाबी दोरा दिसला. फुगेवाल्याने सांगितलं की फुगे दोऱ्यानेच बांधतात. सुग्रीवने ही कबुली वहीत उतरवली. त्यानंतर तो भिंग घेऊन शिवकांताकडे वळला. पोरगी हरवून दोन तास झाले आणि बाई रडत नाही, यावरून त्याने ताडलं की ही आईच नसावी.

शिवकांता रडत नव्हती, कारण डोळे पुसण्यात एखादं लाल झबलं नजरेतून निसटलं असतं. तिने फक्त विचारलं, "बाकीच्या मंडपांत कुणी जाऊन बघितलं का?"

"बघायला काहून जायचं? फ्लॉपी येतीय की," सुग्रीव म्हणाला. त्याने लाल झबलं, डाव्या गालावर तीळ, असं वर्णन मोठ्याने म्हणत टंकायला घेतलं.

मंडपाच्या कोपऱ्यावर शेंगा विकणाऱ्या केसरबाईचा हात मापट्यातच थांबला. "तीळवाली व्हय? ती मगाधरून माज्या शेंगा खायलीय."

तिने मागची कनात उचलली. पलीकडे पहिला मंडप होता. संगणकाच्या खोक्यावर ईश्वरी बसली होती, पुढ्यात टरफलांचा ढीग, पिन जागच्या जागी. शिवकांताने तिला उचलून अलीकडे आणलं, आणि मग मात्र ती रडली.

पहिल्या मंडपाने चिठ्ठी वाचून दीड तासापूर्वीच नाव भरलं होतं. बातमी निघालीही होती. पण पहिल्यातून तिसऱ्यात थेट येणं म्हणजे गडाला उलटी फेरी. ते पाप कुणी करायचं? म्हणून फ्लॉपी दहा पावलांसाठी अख्ख्या गडाला उजवी प्रदक्षिणा घालून, दुसऱ्या मंडपावरून येत होती.

ती आलीच. महांतेश घामाने निथळत होता. वाटेत त्याने फ्लॉपीला कुंकूही लावून घेतलं होतं. संगणकावर अक्षरं उमटली: ईश्वरी, धारूर, सापडली, मंडप एक.

"लावला का न्हाई छडा," सुग्रीव म्हणाला. शिवकांता निघाली तसा तो आडवा झाला. "थांबा बाई. मंडप एकच्या हिशेबी पोरगी अजून तितंच बसलीय. इथं दिली म्हणून भरतो, फ्लॉपी फिरून येऊ द्या, मग जा. दोन मंडपांत एक पोरगी, उद्या मला जाब द्यावा लागंल."

"आणि पहिल्या मंडपात दहा पावलांवर जाऊन तोंडी सांगितलं तर?"

"जायला काय न्हाई, पण माघारी येताना उलटी फेरी व्हती. पाप लागंल."

शिवकांताने पोरीला कडेवर घट्ट धरलं आणि कनात वर केली.

"पाप माझ्या नावावर भरा," ती म्हणाली. "तुमच्या संगणकावरून देवाला कळेपर्यंत आम्ही धारूरला पोचलेलो असू."