कॉलेजला झालेली सर्दी

"सकाळपासून घसा फोडून सांगतेय, कॉलेजला सर्दी झालीय. पण एकाचा विश्वास बसेल तर शपथ!" मेडिकलच्या फाटकात हौसाबाई करवादली. मेडिकलच्या प्रवेशाच्या मुलाखतीला पोरासोबत त्याचं कॉलेजही हजर लागतं. म्हणून लेकीला, रेश्माला, ड्रायव्हरशेजारी आणि वाघोशीचं चार खोल्यांचं कॉलेज मागं टेम्पोत बसवून ती आली होती. वाटभर ते शिंकत होतं. शिंकलं की पत्रे उचलायचे.

व्हरांड्यात शहरातली नावाजलेली कॉलेजं मनोरे आणि घड्याळं सावरून बसली होती. वाघोशीचं कॉलेज अंग चोरून कोपऱ्यात टेकलं.

"ताठ बस की," हौसाबाई त्याला म्हणाली. "तुझ्यात शिकूनच पोरगी पहिली आलीय. त्या घड्याळवाल्याकडं काय बघत बसलंयस?"

आत रेश्मानं सगळी उत्तरं बिनचूक दिली. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टर कारखानीसबाईंनी खिडकीतून कॉलेज पाहून घेतलं. "नावाजलेल्याला दहा गुण, साध्याला शून्य. शून्यावरही हिला जागा मिळतेय."

तेवढ्यात कॉलेज शिंकलं.

"आजारी कॉलेजला वजा दहा," कारकून म्हणाला. "जागा गेली."

"अहो, नाक त्याचं गळतंय, पोरीचं नाही!" हौसाबाई खिडकीतून कडाडली. "उद्या पेशंट हिच्याकडं येणार का त्या पत्र्यांकडं?"

"नियम आहे, मावशी. आजार दुसऱ्या कुणामुळं झाला असेल, तर त्याचं नाव लिहायचं. मग गुण कापत नाहीत. फक्त त्या माणसाला पदवीच्या समारंभाला आत सोडत नाहीत."

रेश्मानं बाईंचा स्टेथोस्कोप मागून घेतला, बाहेर जाऊन भिंतीला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. "छातीत काही नाही. ओलं राहिल्यानं झालंय. दोन दिवस ऊन दिलं की उतरेल."

"ओलं कुणामुळं राहिलं?" बाईंनी विचारलं.

रेश्मा खाली बघत राहिली. कॉलेजनंही सगळी दारं घट्ट मिटून घेतली.

हौसाबाईनं पुढं होऊन त्याची पायरी पदरानं पुसली.

"चार माणसांत जायचं म्हणून पहाटे डोक्यावरून आंघोळ घातली त्याला," ती म्हणाली. "अठरा बादल्या, गार पाणी. निघायच्या घाईत पुसायचं राहून गेलं. लिहा."

कारकुनानं पेन उघडलं. "पूर्ण नाव?"

"हौसाबाई केरबा थोरवत."