मटणाची मच्छरदाणी

आमच्या पूनम सागर सोसायटीत मच्छरदाणीत माणसं झोपतात. समोरच्या गयामावशींकडे मटण झोपतं. त्या स्वतः डास मारत बसतात. "मला चावलं तर खाजवता येतं. मटणाला येतं का?"

मावशी मूळच्या परभणीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. मुलीने घेऊन दिलेल्या फ्रिजात त्या छत्री ठेवतात. "फ्रिजात मटण गारठतंय, उन्हात मुरतंय," हे पालुपद. मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळून बाल्कनीतल्या दोरीवर वाळवायच्या. आमच्या मराठवाड्यात त्यांना चान्या म्हणतात.

मी हिंगोलीची. आठवीत शाळा सुटली, लग्न करून इथे आले. यंदा दिवस गेले आणि पोटात पाणीसुद्धा ठरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरतंय, असंच चाललं तर ॲडमिट करू. आई तिकडे लांब. मावशींनी विचारलं, "काय खावं वाटायलंय? लाजू नको."

"चान्या," मी हळूच म्हटलं.

झालं! दुपारपर्यंत दोरीवर मटण, मटणावर मच्छरदाणी आणि शेजारी काठी घेऊन मावशी. कावळ्याला काठी, मांजराला शिवी. खालून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "मौसी, ये क्या लटकाया है?"

"वाळवण है! तुम्हारा पापड, हमारा चान्या!"

"बदबू आती है!"

"तो नाक अंदर लेव!"

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलं. अर्धवट वाळलेलं मटण अशा हवेत सडतं. मला रडूच आलं. मावशींनी दोरी घरात बांधली, पंखा पाचावर सोडला आणि स्वतः गोधडी पांघरून खाली बसल्या. "थंडी मला वाजू दे, वारा ह्यांना लागू दे." मग ऊन पडलं, आणि चान्या कडक वाळल्या.

मावशींनी त्या भाजल्या, कुटल्या, लसूण-तिखटाचा रस्सा केला. मी भाकरी कुस्करून खाल्ली. दोघी घड्याळाकडे बघत बसलो. काही उलटलं नाही! मी आणखी भाकरी मागितली, तशी मावशी बाल्कनीत धावल्या. "ओ सेक्रेटरी! पोरीला पचलं!"

खालून आवाज आला, "अच्छा? तो और लटकाओ!"

मावशी मात्र नुसता रस्सा ओरपत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, चानी चावायला त्यांना दाढाच नाहीत.

"मग एवढी वर्षं वाळवताय कोणासाठी?"

"गावाकडचं माणूस सांगून येतंय व्हय? घरात असावं काहीतरी." मग माझ्या ताटात रस्सा वाढत म्हणाल्या, "आलीस की तू."

परवा त्यांची दोरी उघडी दिसली. मच्छरदाणी धुऊन, घडी घालून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"हळदीचा डाग राहिलाय," म्हणाल्या. "राहू दे. लेकराला नजर लागायची न्हाई."