ऐक्याचा पाळणा

कडी कुरकुरली. पिठाचे हात परातीत तसेच ठेवून शेवंतीने मान वळवली. बाळ जागं झालं की आधी पाळण्याची कडी बोलायची, मग बाळ. आणि त्या दोघांमधल्या एवढ्याशा शांततेत घोडपदेवच्या त्या खोलीत एक भाकरी उलटून व्हायची. पाळणा सागवानी, सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेला. मिरवावी अशी दुसरी वस्तू घरात नव्हती.

नेमकं तेव्हाच विद्यार्थी समता व जनहित मंडळ दारात येऊन उभं राहिलं. म्हणजे अध्यक्ष हेरंब आणि चिटणीस सरोजिनी. दोघंही गिरगावचे, कॉलेजात शिकणारे. गिरणीत राबणाऱ्या मातांवरचा अन्याय दूर करण्याचा ठराव मंडळाने एकमताने मंजूर केला होता. शेजारच्या व्यायामशाळेत पाळणाघर निघणार होतं. अध्यक्ष होते, फलक होता, प्रास्ताविक लिहून तयार होतं. पाळणा तेवढा नव्हता.

शेवंतीचा जीव भांड्यात पडला. सोमवारी तिला गिरणीत वाइंडिंग खात्यात परत कामावर जायचं होतं. नाही गेली तर तिच्या जागी बदलीवाली घेईन, असं खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरने तोंडावर सांगितलं होतं. बाळाला ठेवायचं कुठे, या घोरात तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

“न्या की पाळणा,” ती म्हणाली. “कडी तेवढी कुरकुरते बघा.”

“कुरकुरू द्या, शेवंतीबाई,” हेरंब गंभीरपणे म्हणाला. “तो आवाज समाजाच्या कानांवर गेलाच पाहिजे.”

उद्घाटनाला पाळण्याला झेंडूचा हार पडला. चाळीतल्या, मूळच्या कोकणातल्या बाया पोरं काखोटीला मारून हौसेने जमल्या. पाळणा कुणाच्या घरचा, हे कुणी विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या सुभद्राने तर आपला मुलगा त्यात निजवलाही. इतक्यात हेरंब भाषणाला उठला आणि हा पाळणा एका नवबौद्ध भगिनीच्या घरून आला आहे, ही गोष्ट त्याने भरल्या गळ्याने सांगितली. कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगितली. दुसऱ्यांदा सांगेपर्यंत पाळणा रिकामा झाला होता.

“माका काय नाय गो, शेवंते,” पोराला पदराखाली घेत सुभद्रा पुटपुटली. “पण सासूक कळला तर घरात घेवची नाय.”

मंडळाची तातडीची बैठक भरली. या बायकांशी बोललं पाहिजे, असं सरोजिनी म्हणाली. हेरंबने तिला समजावलं, की प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो आत्ता काढता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ऐक्याला तडा गेला तर मुंबई हातची जाईल. आधी मुंबई मिळू दे. तोवर बायकांच्या भावना दुखवायच्या नाहीत आणि पाळण्याचा अपमानही होऊ द्यायचा नाही. तेव्हा पाळणा हे ऐक्याचं प्रतीक ठरलं. आणि प्रतीकात कुणी पोर निजवत नाही.

“मग माझ्या बाळाला ठेवा त्यात,” बैठकीच्या दारात उभी असलेली शेवंती म्हणाली.

“त्याला ठेवलं तर लोकांना वाटेल, पाळणा त्याचाच आहे,” हेरंब म्हणाला.

“त्याचाच आहे.”

“होता. आता तो सर्वांचा आहे.”

“मग चटईवर ठेवते, बाकीच्या पोरांत.”

हेरंबने चष्मा पुसला. “चटया त्या बायकांनी घरून आणल्यात हो.”

पाळणाघर झकास चाललं. सगळी पोरं चटईवर निजायची. शेवंतीच्या बाळाला घरात लुगड्याची झोळी बांधली. सोमवार आला आणि गेला. तिची जागा बदलीवालीला मिळाली. मंडळाने त्याचा तीव्र निषेध केला. निषेधाच्या ठरावाला जॉबरच्या भाच्याने अनुमोदन दिलं. तोही कॉलेजात होता, आणि पुरोगामी होता.

पाहुणे येऊ लागले. पाळणा थांबलेला दिसला तर चळवळ थांबली असं वाटेल, म्हणून दोरी ओढायला पाळीपाळीने स्वयंसेवक बसू लागले. कडीची कुरकुर भाषणाच्या मध्ये यायची, म्हणून तिला तेल घातलं.

मग मुंबई मिळाली. एक मे झाला, चाळीचाळींवर दिव्यांच्या माळा लागल्या. शेवंतीने बाळाला खांद्यावर टाकलं, पाच वर्षांच्या लेकीचं, शैलाचं, बोट धरलं आणि व्यायामशाळा गाठली.

“मुंबई मिळाली, दादा. पाळणा द्या आता. बाळ मोठं व्हायच्या आत.”

हेरंबने तिच्याकडे मायेने पाहिलं. “शेवंतीबाई, बेळगाव अजून बाकी आहे.”

पाळणा मजेत झुलत होता, जराही आवाज न करता. समोरच्या खुर्च्यांवर तुमच्याआमच्यासारखी चार भली माणसं त्या झोक्याबरोबर संथपणे माना डोलवत होती. एकदोघांचे डोळेही समाधानाने मिटले होते. शैलाने टाचा उंचावून पाळण्यात डोकावून पाहिलं. मग त्या माणसांकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, आत तर कुणीच नाही. मग हे झोपवतात कुणाला?”